लोडर परत चढवायचा त्रास: घरच्या घरी करून घेण्यासारख्या सोयी

प्रश्न पडघ्याजवळच्या एका शेतकऱ्याचा आहे. पन्नास एचपीच्या आतबाहेरचा ट्रॅक्टर, त्याला पुढचा लोडर, म्हणजे माती उचलायची बकेट आणि तिला धरणारे आर्म. चिखलणीत पुढचं वजन नको म्हणून मे अखेरीला लोडर उतरवायचा आणि दिवाळीनंतर मुरूम, शेणखत आणि वीटभट्टीच्या मातीसाठी परत चढवायचा. उतरवताना फार काही लागत नाही. चढवताना मात्र माणसं गोळा करावी लागतात, पहारी आणि बॉटल जॅक लागतात आणि अख्खी सकाळ जाते. एका बाजूची पिन बसते तोवर दुसरी बाजू हललेली असते आणि होजचे (तेलाच्या नळ्यांचे) कपलर, म्हणजे जोड, हाताने दाबून आत जात नाहीत. गावातल्या वेल्डरकडून करून घेता येईल असं काही आहे का, हा त्यांचा प्रश्न.

शिळफाट्याच्या बाजूला मी फॅब्रिकेशन आणि हायड्रॉलिक दुरुस्तीचं काम करतो. दिवाळी झाली की हीच तक्रार घेऊन भिवंडी, कल्याण, मुरबाडकडची मंडळी येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीलाच एक सांगतो, पहार बाजूला ठेवा. पहार लावावी लागते याचा अर्थ लोडर चुकीच्या उंचीवर किंवा तिरका उभा आहे. तो जोर लावून बसवला तरी पिनेचं भोक ओढलं जातं, बुश (भोकातली नळी) एका बाजूने खाल्ला जातो आणि दोन हंगामांत सगळं खडखडायला लागतं. लोडर सहज चढणार की छळणार हे बहुतेक वेळा मे महिन्यात, उतरवतानाच ठरलेलं असतं.

लोडर उतरवला त्या क्षणी दोन्ही टॉवर, म्हणजे लोडरचे उभे खांब, ट्रॅक्टरवर बसवलेल्या ब्रॅकेटशी तंतोतंत जुळलेले असतात. ट्रॅक्टर मागे घेतला की सगळा भार दोन स्टँड आणि बकेटवर येतो. मग आपल्याकडचा पाऊस सुरू होतो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण २५०० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा त्या चार महिन्यांतच. माती भिजते, एक स्टँड इंचभर जास्त खचतो. आता ती बाजू नुसती खाली गेलेली नसते, अख्खी फ्रेम पिळलेली असते. भोकं खाली जातात आणि तिरकीही होतात. म्हणून डाव्या बाजूला जॅक लावला की उजवी सरकते आणि उजवी धरली की डावी सुटते. माणसं वाढवून हे सुटत नाही.

म्हणून पहिली सोय जागेची. ट्रॅक्टरच्या लांबीरुंदीपेक्षा थोडी मोठी सिमेंट-काँक्रीटची पट्टी टाकून घ्या. खाली डबर आणि कुटून बसवलेला मुरूम, वर सहा इंच जाड काँक्रीट. पाणी वाहून जायला उतार द्यायचाच असेल तर तो पुढून मागे द्या, डावी-उजवीकडे अजिबात देऊ नका. पुढे-मागे थोडा उतार असला तर ट्रॅक्टर आणि लोडर दोघंही सारखेच कलतात आणि जमून जातं. आडव्या उताराने मात्र दरवर्षी त्रास होतो. गवंड्याला पाण्याच्या नळीने लेव्हल घ्यायला सांगा आणि समोर उभं राहून बघा.

काँक्रीट परवडत नसेल तर निदान स्टँडखाली प्लेट द्या. बहुतेक लोडरच्या स्टँडचा पाय दोन इंच बाय दोन इंच पाइपचा असतो, म्हणजे ४ चौरस इंच. त्याखाली फूटभर लांबरुंद, १० मिमी जाडीची प्लेट आली की तोच भार १४४ चौरस इंचांवर पसरतो, म्हणजे जमिनीवरचा दाब छत्तीसपट कमी होतो. भिजलेल्या मुरमावर फरक पडतो तो इथे. प्लेटला मधोमध चौकोनी कॉलर वेल्ड करा म्हणजे पाय घसरणार नाही. बकेटखालीही दोन जाड फळ्या टाका. बकेटचं पातं मातीत रुतून बसलं तर पुढे उंची जुळवण्यात तिचा काही उपयोग होत नाही. विटा किंवा पोकळ सिमेंट ब्लॉक कुठेही आधाराला लावू नका, ते वाकत नाहीत, एकदम फुटतात.

स्टँडबद्दल आणखी थोडं. लोडरबरोबर येणारे स्टँड अनेकदा बारीक असतात आणि त्यांना ठरावीक एकच उंची असते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात भंगाराच्या भावात चॅनलचे तुकडे मिळतात, त्यातून नवे पाय करून घेता येतात. एका पाइपात दुसरा पाइप सरकवायचा, दर दीड-दोन इंचांवर भोक पाडून पिन टाकायची आणि तळाशी स्क्रू जॅकचा आटा बसवायचा. पिनेने ढोबळ उंची येते आणि आट्याने शेवटचे पाच-दहा मिलिमीटर. एवढी एक सोय झाली तरी बॉटल जॅकची गरज जवळजवळ संपते. दोन्ही पायांवर पांढऱ्या रंगाने उंचीची खूण करून ठेवा. उतरवताना आटा किती बाहेर होता हे त्या खुणेवरून कळतं आणि परत चढवताना तिथूनच सुरुवात करता येते.

आणि साखळी. ट्रॅक्टरशिवाय उभा असलेला लोडर वरून जड असतो. बकेटसह त्याचं वजन काही शे किलो असतं आणि तो कलंडला तर सावरायला वेळ मिळत नाही. जमिनीत एक मजबूत खुंटा किंवा काँक्रीटमध्ये एक कडी सोडा आणि टॉवरची साखळी तिला बांधून ठेवा. सुट्टीत घरी पोरं असतात आणि लोडरवर चढून खेळायचा मोह त्यांना होतोच. ही साखळी ट्रॅक्टर पूर्ण आत येऊन दोन्ही मुख्य पिना बसेपर्यंत सोडायची नाही. ती थोडी ढिली ठेवा म्हणजे उंची जुळवताना आड येत नाही.

जागा झाली, आता ट्रॅक्टर. ही बाब बरेच जण विसरतात. लोडर उतरवला तेव्हा टायरमध्ये जी हवा होती तीच चढवताना असली पाहिजे. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर ब्रॅकेट खाली आलेलं असतं आणि आपण दोष लोडरला देतो. चिखलणीची लोखंडी चाकं काढून रबरी चाकं चढवा, मागे रोटाव्हेटर लटकत असेल तर उतरवा. मागचं वजन बदललं की ट्रॅक्टरचं नाक वरखाली होतं. पावसाळ्यात चाकांची रुंदी बदलली असेल तर जमिनीवरच्या जुन्या खुणांवर विसंबू नका.

आत कसं शिरायचं याच्या तीन सोयी मला आवडतात. पहिली चाकाच्या वाटेची. काँक्रीटवर ५० मिमीचा अँगल अँकर बोल्टने बसवायचा, डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूने, आणि त्याचं तोंड थोडं चाकापासून लांब वळवायचं. हा अँगल एकाच बाजूला लावा. दोन्ही बाजूंना लावला तर चाकं अडकतात आणि टायरची कड खाल्ली जाते. दुसरी सोय म्हणजे नेमकाठ्या. लोडरच्या आडव्या पाइपच्या बरोबर मध्यावर एक उभी सळी, टोकाला लाल रंग. दुसरी सळी बॉनेटच्या पुढच्या कडेवर, मध्यरेषेवर. तिला खाली जुन्या स्पीकरचं लोहचुंबक लावलं की हवी तेव्हा ठेवता आणि काढता येते. सीटवर मधोमध बसून दोन्ही सळ्या एका रेषेत दिसल्या की ट्रॅक्टर सरळ आहे. तिसरी सोय आरशाची. रस्त्याच्या वळणावर लावतात तसा गोल आरसा लाकडी खांबावर बसवून टॉवरच्या बाजूला उभा केला की सीटवरूनच पिनेचं भोक दिसतं. एकट्याने काम करणाऱ्यासाठी या आरशाइतकी उपयोगी दुसरी वस्तू मला माहीत नाही, कारण त्यामुळे दर वेळी खाली उतरून दोन लोखंडांच्या मध्ये डोकं घालावं लागत नाही.

ट्रॅक्टर चालू असताना लोडर आणि ट्रॅक्टर यांच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. सांगणारा माणूस बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असा, आणि फक्त एकच. दोघं सांगायला लागले की ड्रायव्हर गोंधळतो. बॉनेट आणि ग्रिल वाचवायला टॉवरच्या आतल्या बाजूंना खडी क्रशरवरच्या जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे नटबोल्टने लावा.

आता कपलर. तुमच्या प्रश्नातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथेच लोक हातोडी घेतात.

कपलर आत न जाण्याचं कारण जवळजवळ नेहमी अडकलेला दाब असतो. लोडर उतरवून होज काढले की सिलिंडर आणि होजमधलं तेल दोन्ही बाजूंनी बंद होतं. आकाश भरलेलं असताना काढलेला लोडर ऑक्टोबरच्या उन्हात तापतो. तेल तापलं की फुगतं आणि फुगायला जागा नसली की दाब वाढतो. कपलरच्या आतला छोटा वाल्व त्या दाबाविरुद्ध मागे सरकला तरच कपलर बसतो, आणि तेवढा जोर हातात नसतो. म्हणून चढवायचं काम सकाळी लवकर, लोडर थंड असताना करा. शक्य असेल तर लोडर सावलीत ठेवा. वर ताडपत्री टाका पण बाजू मोकळ्या सोडा, नाहीतर आत घाम धरून गंज वाढतो.

दाब ट्रॅक्टरच्या बाजूलाही असतो. इंजिन बंद करून लोडरचा लिव्हर चारही दिशांना आणि फ्लोट (बकेट मोकळी सोडायची जागा) असेल तर तिथेही दोन-तीनदा फिरवायचा. उतरवतानाही हेच करायचं, होज काढण्याआधी, बकेट जमिनीला पूर्ण टेकवून आणि भार स्टँडवर आल्याची खात्री करून. मे महिन्यात हे केलं की नोव्हेंबरमध्ये निम्मा त्रास उरत नाही.

तरीही दाब राहिला तर? कपलरच्या टोकावर खिळा ठेवून हातोडी मारताना मी लोकांना पाहिलं आहे. हे कधीही करू नका. त्या वाल्वमधून सुटणारी बारीक धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून तेल आत घालते. सुरुवातीला टोचल्यासारखी बारीक खूण दिसते, दुखतही फार नाही, पण आत तेल पसरत जातं आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा आणि हायड्रॉलिक तेल कातडीत शिरलं आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण अशा जखमेला तातडीची शस्त्रक्रिया लागते. गळती शोधतानाही हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा.

दाब सोडण्याची बरी पद्धत अशी. लोडर स्टँड आणि बकेटवर पक्का टेकलेला आहे, साखळी बांधलेली आहे आणि कुठल्याही सिलिंडरवर भार नाही हे आधी पाहा. डोळ्यांवर चष्मा. ज्या होजमध्ये दाब आहे त्याच्या कपलरमागच्या नटभोवती जाड फडकं दोन-तीन वेढे गुंडाळा, बाजूला उभं राहा आणि दोन पाने धरून नट अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, ढिला करा. फडकं ओलं झालं की थांबा, तेल शांत होऊ द्या, परत घट्ट करा. थेंबभर तेल निघालं तरी दाब उतरतो. इंटरनेटवर जुन्या कपलरला स्क्रू बसवून केलेली दाब सोडायची साधनं दिसतात. त्यांतून सुटणारं तेल कुठे जाणार याची व्यवस्था बहुतेकांत नसते, म्हणून मी ती करून देत नाही. फार छळ होत असेल तर दाबाखालीही जोडता येणारे कपलर बाजारात मिळतात. या एका गोष्टीवर मी पैसे खर्च करायला सांगेन.

होजच्या बाबतीत घरगुती सोयी वेगळ्या दोन करा. चार होज असतात आणि पाच महिन्यांनी कुठला कुठे हे आठवत नाही. रंगीत टेप लावतातच लोक, पण उन्हापावसात टेप गळून जाते. त्याऐवजी पत्र्याचे तुकडे कापून एक, दोन, तीन, चार असे पंचने ठोके मारा आणि तारेने दोन्ही बाजूंना बांधा. त्याहून पक्कं म्हणजे प्रत्येक जोडीत एका होजला नर आणि दुसऱ्याला मादी कपलर बसवायचा, म्हणजे त्या जोडीतले दोन होज उलटसुलट लागणारच नाहीत. उलट लागले तर लिव्हर वर ओढल्यावर लोडर खाली येतो आणि शेजारी माणूस उभा असेल तर ते फार महागात पडतं. दुसरी सोय टॉवरवर एक छोटी पट्टी, तिला चार भोकं, त्यात काढलेले कपलर टोपणं लावून अडकवून ठेवायचे. मातीत पडलेला कपलर जोडला की ती माती थेट वाल्वमध्ये जाते. टोपणं हरवली असतील तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी दोन पदरी बांधा. चिंध्या बांधू नका, त्यांचे धागे आत जातात. उंदीर होज कुरतडतात, म्हणून ते जमिनीवर लोळत ठेवू नका.

होज जोडले की उंची जुळवायला जॅकपेक्षा चांगलं साधन हातात आलं, लोडरची स्वतःची ताकद. अनेक जण पिना आधी आणि होज नंतर जोडतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. ट्रॅक्टर शक्य तितका आत घ्या, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, चाकांना लाकडी गुटके द्या, होज जोडा. मग इंजिन चालू करून अगदी मंद रेसवर ठेवा आणि लिव्हरला नुसता स्पर्श करत बघा. बकेट पुढे झुकवली की पात्यावर जोर येऊन आर्मचं पुढचं टोक उचललं जातं. लिफ्टच्या सिलिंडरने आर्म आणि टॉवर यांच्यातला कोन बदलतो, टॉवर मागेपुढे कलतो. या दोन हालचालींतून टॉवर हवा तिथे आणता येतो. प्रत्येक लोडरची भूमिती थोडी वेगळी असते, त्यामुळे कुठल्या हालचालीने काय होतं हे एकदा वहीत लिहून ठेवा. डाव्या-उजव्या बाजूतला फरक मात्र हायड्रॉलिकने जात नाही, तो स्टँडच्या आट्यानेच काढावा लागतो.

शेवटचे काही मिलिमीटर निमुळत्या पिनेचे. लेथवाल्याकडून ईएन-८ (मजबूत पोलादाचा प्रकार) च्या सळईतून दोन पिना करून घ्या. तुमची मूळ पिन ३० मिमीची असेल तर ही साडेएकोणतीस मिमी ठेवायची आणि पुढचं टोक साठ-सत्तर मिमी लांबीत निमुळतं करत पंधरा मिमीपर्यंत आणायचं. मागे आडवी मूठ वेल्ड करा. भोकं अर्धीमुर्धी जुळली की ही पिन आत जाते आणि फिरवत ढकलली की दोन्ही भोकं एका रेषेत ओढून घेते. मग समोरच्या बाजूने मूळ पिन ठोकत यायचं, निमुळती आपोआप मागे निघते. दोन करायच्या त्या दोन्ही बाजू एकदम धरण्यासाठी. तुमची एक बाजू बसेपर्यंत दुसरी सुटते ना, त्यावर उपाय हाच. भोकं जुळली का हे बोट घालून कधीही पाहू नका. फ्रेम दोन मिलिमीटर हलली तरी बोट कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. टॉर्च मारा, नाहीतर ही निमुळती पिनच घालून बघा.

मूळ पिनेच्या डोक्यात एम-१२ चा, म्हणजे १२ मिमी बोल्टचा, आटा पाडून घ्या. पुढच्या मे महिन्यात गंजलेली पिन बाहेर काढायला त्यात लांब सळी बसवायची, सळीवर सरकणारं जाड लोखंडी वजन ठेवायचं आणि ते मागच्या थांब्यावर आपटायचं. पिन सरळ बाहेर येते. घणाने ठोकून पिनेचं डोकं पसरतं आणि मग ती बुशमधून निघतच नाही. खाडीकाठच्या गावांत, दिवा-ऐरोलीकडे, खारी हवा असते. तिथे पिना काढून ग्रीसमध्ये बुडवलेल्या कापडात गुंडाळून घरातच ठेवा. सिलिंडरचा क्रोम रॉड जेवढा बाहेर राहतो तेवढ्यावर ग्रीस चोपडा आणि चढवण्याआधी ते डिझेलच्या फडक्याने पुसून काढा, कारण त्याला चिकटलेली धूळ सीलखाली गेली तर सील फाटतं.

काही गोष्टी करू नका असंच सांगेन. लोडरखाली कॅस्टर चाकांची ट्रॉली करून तो ढकलत नेण्याची कल्पना भिवंडीच्या गोदामांतल्या गुळगुळीत फरशीवर ठीक आहे. मुरमावर एक चाक रुतलं की सगळं कलंडतं. तीन पाइप एकत्र बांधून त्याला चेन ब्लॉक लावायचा जुगाडही नको. लोडर बोल्टचा असेल आणि उचलावाच लागत असेल तर वजन पेलणाऱ्या पक्क्या गँट्रीखाली न्या. भोकं जमत नाहीत म्हणून गॅस कटरने मोठी करणं तर अजिबातच नको. ब्रॅकेट टॉवरमध्ये सरळ शिरावं म्हणून वाट दाखवणाऱ्या पट्ट्या लावायच्या असतील तर त्या लोडरच्या टॉवरवर बोल्टने लावा. ट्रॅक्टरच्या चेसिसवर आणि पिनेच्या बुशजवळ वेल्डिंग नको. इतरत्र करावंच लागलं तर आधी बॅटरीची केबल काढा.

चढवून झाल्यावर घाई न करता लोडर रिकामाच सावकाश वरखाली करा, हवा निघेपर्यंत. मग ट्रॅक्टरच्या तेलाची पातळी बघा, कमी झालेली असू शकते. पिनांचे लॉक बसले का, स्टँड वर घेतले का, साखळी सुटली का, मागे काउंटरवेट (तोल राखायचं वजन) आहे का हे पाहूनच पहिली बकेट भरा. ब्रॅकेटचे बोल्ट पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हा एकदा आवळा.

वाट दाखवणाऱ्या पट्ट्यांचा आकार मी तुम्हाला काढून देऊ शकतो. त्यासाठी दोन्ही ब्रॅकेटच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, टॉवरच्या आतल्या कडांमधलं अंतर, पिनेचा व्यास आणि जमिनीपासून दोन्ही बाजूंच्या भोकांची उंची मोजून पाठवा. उंची डावीची वेगळी आणि उजवीची वेगळी लिहा, आणि टायरमध्ये हवा भरल्यानंतरच मोजा.